घागर भरली, धागर मरली

आज दुपारी लातूरला बहिणीकडे गेलो आणि भाच्याची घटक चाचणीची प्रश्नपत्रिका पाहिल्यापासून मन थाऱ्यावर नाही. कागदाची बचत व्हावी म्हणून एकाच पानावर दोन रकाने, नऊ पॉइंटची अक्षरे, ओळीला चिकटलेली ओळ, दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून शब्दांमध्ये कमीजास्त ताणलेल्या जागा आणि त्यावर फिकट झेरॉक्स. भाच्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडथळा आणणारी अध्ययन अक्षमता, असल्याचे प्रमाणपत्र याच शाळेच्या फाइलमध्ये आहे.

गेल्या वर्षी पाचवीत उतारा वाचताना त्याने ‘आईने घागर भरली’ हे वाक्य ‘आईने धागर मरली’ असे वाचले. सगळा वर्ग हसला, तेव्हापासून तो चारचौघांत तोंड उघडत नाही. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते, घ आणि म यांची सलग असते. खराब छपाईत कधी तीच फट बुजते आणि ‘भरली’ची ‘मरली’ होते, कधी सलग रेघ तुटते आणि घागरीची धागर होते.

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही, अक्षराची ध्वनीशी सांगड घालताना पडणारे ते कष्ट आहेत, त्यामुळे नुसत्या मांडणीने तो जाणार नाही, हे मान्य. पण म्हणून त्या कष्टांत आपण भर घालायची? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत अध्ययन अक्षमतेलाही जागा दिली, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. मात्र वाचताच न येणाऱ्या कागदापुढे लेकराला जास्त वेळ बसवून ठेवणे, याला सवलत म्हणताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही?

शिक्षकांवर कामाचा किती बोजा असतो हे मी घरातच पाहिले आहे, त्यामुळे माझा राग कोणा एका बाईंवर नाही.

संध्याकाळी तोच जुना उतारा मी स्वतः टाइप केला: चौदा पॉइंट, ओळींत दीडपट अंतर, उजवी कड मोकळी, तिरपी अक्षरे आणि अधोरेखन काढून महत्त्वाचे शब्द तेवढे ठळक, कागद फिकट पिवळसर. एका पानाची दोन पाने झाली. भाच्याने ओळीखाली बोट धरले, ‘दुष्काळ’पाशी दोनदा अडखळला, ‘घागर’वर थांबला. “मामा, हा घच आहे ना?” मी मान हलवली. त्याने वाक्य पूर्ण वाचले आणि दुसऱ्या पानासाठी हात पुढे केला.