वजन घटलं, पण धक्क्याचं काय?

‘शिकारीची रायफल जितकी हलकी तितकी चांगली’ हे रायफल हलकी करण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. काडतूस तेच ठेवून ४ किलोची रायफल ३ किलोवर आणली, तर खांद्यावर येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. डोंगर चढताना वाचवलेला किलो चाप ओढताना व्याजासकट वसूल होतो! लाकडी दस्त्याऐवजी कार्बन फायबर घ्या, हे ठीक. पण नळी बारीक केली की चार-पाच गोळ्यांतच ती चांगली तापते, त्याचा उल्लेखच नाही.

मी ठाण्यात १० मीटर एअर रायफलचा सराव करतो (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, आमचं वैर कागदी लक्ष्याशी). तिथे धक्का नावालाच, तरी नियमातल्या ५.५ किलोच्या कमाल मर्यादेजवळ रायफलचं वजन नेणारे कितीतरी. पाठ दुखते म्हणून मी एकदा नळीवर पुढे लावलेली जादा वजनं काढली, तर नळीचं टोक वाऱ्यावरच्या पताकेसारखं हलायला लागलं. आठवड्यात मुकाट्याने परत बसवली. लेखकाने वजन कमी केल्यावर रायफलचा तोल कुठे आला, तेवढं सांगावं.