हुर्राकाला कळतं ते आयपीएला का कळू नये?

गेल्या शनिवारी म्हापशाहून घरी येताना एका वाइन शॉपपाशी गाडी थांबवली. सोडा घ्यायचा होता, एवढंच. पण गल्ल्यामागच्या फळीवर इथल्याच एका छोट्या ब्रुअरीच्या लिमिटेड आयपीएचे चार कॅन दिसले. (आयपीए म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांच्या वासावर जगणारी बिअर, लिमिटेड म्हणजे मोजकीच काढलेली.) फ्रिजमध्ये नव्हे, फळीवर. वर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. हीच बिअर डिसेंबरात निघाली तेव्हा मी तिच्यामागे दोन रविवार फिरलो होतो. पहिल्या रविवारी "उद्या येणार", दुसऱ्या रविवारी "काल संपली". त्यामुळे आता समोर दिसल्यावर हात गेलाच. ३३० मिलीचा कॅन, २८० रुपये. दोन घेतले.

घरी नेऊन नीट गार केले. ओतताक्षणीच कळलं. ही बिअर गढूळ पिवळी, संत्र्याच्या रसासारखी असायला हवी. ग्लासात उतरला तो रंग कापून ठेवलेल्या केळ्याचा. लेबलवर आंबा, पपनस, संत्र्याची साल असं बरंच काही लिहिलेलं होतं, नाकाला त्यातलं काही लागेना. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास असतो ना, तो, आणि मागे एक मिळमिळीत गोडवा. कॅन उलटा करून तळाची तारीख बघितली. १४ डिसेंबर. पाच महिने झालेले, आणि त्यातला एप्रिल-मे या उकाड्यात बिनफ्रिजचा गेलेला. "सहा महिन्यांच्या आत प्यावी" असं वर छापलंय. म्हणजे कागदोपत्री बिअर अजून जिवंत.

आता मी "छोट्या ब्रुअऱ्या लुटतात" असं लिहिणार असं वाटत असेल तर जरा थांबा. माझं म्हणणं ते नाही. २८० रुपयांबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार मे महिन्यातल्या २८० रुपयांबद्दल आहे.

मी हिशेबावर पोट भरणारा माणूस, म्हणून एकदा बसून आकडेमोड केली होती. समजा हजार लिटरची टाकी आहे. सात टक्क्यांची आयपीए काढायची तर अडीचशे-तीनशे किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, लागतं. बार्ली आपल्याकडे राजस्थान-हरियाणात पिकते, पण खास माल्ट बहुतेक जर्मनी-बेल्जियमचं. खरा खर्च हॉप्सचा. साध्या लागरला (आपली नेहमीची बिअर) लिटरमागे ग्रॅम-दीड ग्रॅम हॉप्स पुरतात, या गढूळ आयपीएला दहा-बारा ग्रॅम. म्हणजे एका टाकीला दहा-बारा किलो, आणि तेही परदेशातून गारठ्यात आणायचे, कारण आपल्या देशात हॉप्स जेमतेम लाहौलकडे पिकतात. वर हे हॉप्स स्पंजासारखी बिअर पितात. हजार लिटरमधले आठशे-साडेआठशे हाती लागले तरी नशीब. साडेआठशे धरा, कॅन झाले अडीच हजारांच्या वर थोडे.

या अडीच हजार कॅनसाठी नवं लेबल काढायचं, ते एक्साइजकडे नोंदवायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसरी बिअर काढली की पुन्हा तेच. दारू जीएसटीच्या बाहेर आहे हे लोकांना फायद्याचं वाटतं. उलट आहे. डबा, खोका, यंत्र, टाकी यांवर ब्रुअर जीएसटी भरतो आणि विकताना त्याची वजावट त्याला मिळत नाही, कारण बिअरवर जीएसटीच नाही. तिथे एक्साइज आणि व्हॅट. मोठ्या कंपनीला हा भार लाखो बाटल्यांवर पसरता येतो, याला अडीच हजार कॅनवर. एवढं सगळं करून सांगोल्डा, लाटंबार्से या गोव्यातल्या गावांची नावं आज बिअरच्या लेबलांमुळे मुंबई-पुण्यात माहीत झाली आहेत, याचा मला डिचोलीकडचा माणूस म्हणून आनंदच आहे. लाटंबार्शाचं नाव एरवी कोण घेत होतं?

तर २८० रुपये ठीक. ताज्या बिअरला ठीक.

आता मामाकडे चला. माझ्या मामाची सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूची भट्टी आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही कोळंबीत बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवायला उतरायचो (कोळंबी म्हणजे कातळातली ती खळगी, खायची कोळंबी नव्हे, घाटावरच्या मित्रांनी नोंद घ्यावी). पाय आठवडाभर चिकट, आणि अंगाला तो आंबूस वास. निघालेला रस दोन-तीन दिवस आंबवायचा, मग भट्टीवर. पहिल्या धारेचा तो हुर्राक. तो पुन्हा चढवला की फेणी.

विचार करा, हुर्राकाहून अधिक लिमिटेड रिलीज गोव्यात दुसरी कुठली आहे? मार्च ते मे, संपलं. दर भट्टीची चव वेगळी. कुणी पोस्टर लावत नाही, कुणी "फक्त तीनशे बाटल्या" म्हणून ओरडत नाही. आणि भाव? मामाकडे यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात थंड पेयाच्या जुन्या बाटलीतला पाऊण लिटर २०० रुपयांना जात होता. बोंडू थोडे, मागणारे फार. एप्रिलमध्ये बोंडवांचा खच पडला, भाव दीडशेवर आला. आता मे संपत आलाय, १२०. मामाला हे कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलेलं नाही. हुर्राक टिकत नाही, पाऊस पडला की त्याची रया जाते, हे त्याला ठाऊक आहे आणि गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. म्हणून दिवस सरतात तसा भाव उतरतो, आणि त्यात कुणाची अब्रू जात नाही. उरला तर पुन्हा भट्टीवर, फेणी होते.

फेणीचा न्याय उलटा. ती काचेच्या मोठ्या गार्राफांवात राहिली तर सुधारते, जुनी झाली तर मामा तिचे जास्त घेतो आणि लोक मुकाट्याने देतात. २००९ साली फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पेपरात बरंच छापून आलं. मामाचा हा हिशेब त्याच्या कितीतरी आधीचा.

बिअरमध्येही नेमके हेच दोन प्रकार आहेत. आयपीए हा हुर्राक आहे. तिची सगळी किंमत हॉप्सच्या वासात, आणि तो वास महिन्या-दोन महिन्यांत उतरायला लागतो. गार ठेवली तर सावकाश, फळीवर ठेवली तर भराभर. दर दहा अंशांमागे बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो असा साधारण ठोकताळा आहे. फ्रिजमधले चार अंश आणि आपल्या मे महिन्यातले तेहतीस, तुम्हीच गुणाकार करा. दहा टक्क्यांची काळी दाट स्टाउट मात्र फेणीच्या जातीची. अंधारात, गारव्यात वर्षभर राहिली तर कित्येकदा सुधारते. ब्रुअरीने अशा शंभर बाटल्या मागे ठेवून पुढच्या नाताळात दीडपट भावाने विकल्या तर मी रांगेत पहिला उभा राहीन.

पण आपल्याकडे दोन्हींना एकच काटा. लिमिटेड म्हटलं की एक आकडा ठरतो आणि शेवटचा कॅन धूळ खाऊन पिवळा पडला तरी तो आकडा हलत नाही. मी दुकानदाराशी बोललो. तो म्हणाला, एमआरपी आहे, मी काय करू? अहो, एमआरपी म्हणजे त्याच्या वर घ्यायचं नाही, खाली घ्यायला कुणी अडवलंय? मग खरं कारण आलं: त्याने माल रोखीने उचललाय, ब्रुअरी परत घेत नाही, स्वस्त विकला तर भुर्दंड त्याच्या एकट्याला. त्याचंही खोटं नाही.

मग हे ब्रुअरीनेच करायला हवं. तीन महिने झाले की उरलेल्या मालावर दुकानदाराला फरक द्यायचा आणि भाव २८० वरून १८० करायचा, तारीख कॅनच्या तळाला मुंगीच्या अक्षरात न छापता समोर छापायची. एक ब्रुअरीवाला मित्र म्हणतो, असं केलं तर ब्रँडची किंमत पडेल. मला उलट वाटतं. ज्याने पुठ्ठ्याची चव २८० ला घेतली तो माणूस पुढची लिमिटेड घेणार नाही, आणि चार जणांना सांगेल. मी इथे तेच करतोय, आणि तरी ब्रुअरीचं नाव घेतलेलं नाही, कारण टाकीतून निघताना ती बिअर चांगलीच असणार याची मला खात्री आहे.

आणखी एक. मामाच्या भट्टीवर कुणीही गेलं तरी आधी करवंटीत घोटभर मिळतो. "चाखून पळय, मागीर पयशे." आधी चाखून बघ, मग पैसे. फुकट. आवडला नाही तर उठून जा, कुणी तोंड वाकडं करत नाही. टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्या बारमध्ये, लिमिटेड बिअर मागितली की थेट मोठा ग्लास, साडेचारशे रुपयांचा. दीडशे मिलीचा छोटा ग्लास दीडशे रुपयांना द्या की. लिटरमागे तुम्हाला जास्तच मिळतील आणि मला न आवडलेली कडू बिअर पैशांसाठी संपवावी लागणार नाही. काही ठिकाणी चार छोट्या ग्लासांची पाटी मिळते, मान्य, पण नेमकी लिमिटेड बिअर त्या पाटीत नसते.

"परवडत नसेल तर किंग्ज प्या" अशी कमेंट येणार हे माहीत आहे. पितो ना, गोव्याची ती साधी बिअर. किंग्जचं एक बरं आहे, ती कसलंच वचन देत नाही.

दुसरा कॅन काल मामाकडे घेऊन गेलो. अंगणात बसून, लिंबू-मीठ-हिरवी मिरची घातलेला त्याचा हुर्राक मी घेतला आणि माझी आयपीए त्याला दिली. त्याने एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात घोळवला, कॅन फिरवून त्यावरचं चित्र बघितलं.

"कितल्याक हाडलें हें?"

मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, ऐंशी.

"म्हारग," मामा म्हणाला, आणि उरलेली बिअर माडाच्या मुळाशी ओतून आला.