किंग्डा... का?

अमेरिकेत, न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या मराठी घरात मे ते सप्टेंबर हा पाहुण्यांचा हंगाम. सांगली, नाशिक, ठाणे, जिथून म्हणून नातं लागतं तिथून माणसं येतात आणि त्यांना ठरलेली प्रदक्षिणा घडवावी लागते. नायगारा, लिबर्टीची बाई, व्हाइट हाउसच्या कुंपणापुढे फोटो, आणि या सगळ्याने शिणवटा आला की ओक ट्री रोडवर मेथीच्या जुड्या बघून ‘अगं बाई, इथे सगळं मिळतं की!’ हा उद्गार. पाहुण्यांत तरुण मंडळी असली की प्रदक्षिणेत आणखी एक क्षेत्र वाढतं, जॅक्सन गावचं करमणुकीचं उद्यान, सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर. टर्नपाइकच्या हमरस्त्यावर सात-ए नंबरच्या फाट्याला बाहेर पडायचं, १९५ नंबरचा रस्ता धरायचा, आणि पुढे झाडांच्या वर, केसांत खोचतात तसा तो हिरवा आकडा दिसायला लागला की मागच्या सीटवरची पोरं ओरडायची आणि माझ्या पोटात कालवाकालव व्हायची.

आकडा म्हणजे किंग्डा का. २१ मे २००५ ला सुरू झाला तेव्हा जगातला सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वेगवान रोलर कोस्टर. वेगाचा मान २०१० मध्ये अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाने पळवला, उंचीचा मात्र शेवटपर्यंत याच्याकडेच राहिला. ४५६ फूट. कुतुबमिनारावर दुसरा कुतुबमिनार उभा केला तर जेमतेम याच्या वर डोकं काढेल. एवढं सरळ भिंतीसारखं वर चढायचं आणि पलीकडून २७० अंशांचा पीळ खात ४१८ फूट खाली यायचं. धुणं पिळतात तसं, फक्त आत माणूस.

मी त्या उद्यानात नऊ वेळा गेलो होतो आणि एकदाही यावर बसलो नव्हतो. भीती वगैरे काही नाही. सामान कोणी धरायचं? बाकावर मी, माझ्या मांडीवर तीन पर्सेस, गळ्यात दोन कॅमेरे, डोक्यावर दुसऱ्या कोणाची तरी टोपी, हातात मेव्हण्याचं अर्धं खाल्लेलं कणीस, आणि एका उन्हाळ्यात तर मामेसासऱ्यांची वरची कवळी, रुमालात गुंडाळलेली. लॉकर होते. पण ‘पैसे कशाला घालवता, मी आहे ना’ म्हटलं की मराठी माणूस पुढे बोलत नाही. नऊ उन्हाळ्यांत माझ्या त्यागाची कीर्ती सांगलीपर्यंत पोचली होती. ‘मन्या स्वतः कधी बसत नाही हो, दुसऱ्यांना बसवतो.’

२०१८ च्या जूनमध्ये आत्या आली.

आत्या म्हणजे चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, वय चौसष्ट, उंची चार फूट दहा इंच. तिला नायगारा ‘पाणी वाया चाललंय’ असा दिसला आणि लिबर्टीची बाई ‘हात दुखत असेल’ अशी. पार्किंगमध्ये गाडीतच बसून आम्ही दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली. बोटं पुसता पुसता तिने काचेतून वर बघितलं.

“तो कसला पाळणा रे?”

आत्याच्या लेखी जत्रेतल्या रहाटपाळण्यापासून पुढे जे जे माणसाला घेऊन हलतं ते सगळं पाळणा.

“किंग्डा का,” मी म्हटलं.

“किंग्डा... का?”

“हो.”

“अरे, का म्हणून काय विचारतोस? मीच तुला विचारतेय.”

नाव समजावून देण्यात पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षं माझ्या मनात तोच प्रश्न होता आणि तो त्यांनी पाटीवर लिहून ठेवला होता.

“यात बसायचं,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “तू आणि मी.”

मी सवयीने पर्सेसकडे हात केला. पर्सेस तिथे नव्हत्या. त्या बायकोच्या खांद्याला होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांचं साचलेलं काहीतरी होतं. “आज सामान मी धरते,” ती म्हणाली. “तुम्हाला कधीच मिळत नाही ना बसायला.”

माझी भिस्त प्रवेशाजवळच्या मापाच्या पट्टीवर होती. चोपन्न इंचांच्या खाली असाल तर प्रवेश नाही. चोपन्न इंच म्हणजे साडेचार फूट. आत्याकडे तसे चार इंच शिल्लक होते, पण चौसष्टाव्या वर्षी माणूस वाकतो, निदान थोडा तरी. आत्या पट्टीखाली अशी उभी राहिली की प्रार्थनेला उभी आहे. आंबाडा धरून साठ भरली असती. तिथल्या पोराने अंगठा वर केला. आत्यानेही केला.

रांगेत लोखंडी नळ्यांच्या मधून सापासारखं वळवळत जायचं होतं. आत्याला एकदम घरी आल्यासारखं झालं. “दर्शनबारी आहे की ही!” तिथून पुढे एक तास पन्नास मिनिटं आम्ही उभे होतो आणि मी तिचं मन वळवायचा प्रयत्न करत होतो. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर, मी म्हटलं. इंजिन वगैरे काही नाही, खाली एक दोर असतो, द्रवाच्या दाबावर चालणारं यंत्र तो दोर ओढतं आणि गाडी भिरकावून देतं.

“गोफण,” आत्या म्हणाली. “आम्ही लहानपणी शाळूच्या रानात पाखरं हाकायला वापरायचो.”

“आपण दगड असतो त्यात.”

“मग पाखरांनी घाबरायचं.”

शेवटचं अस्त्र काढलं. “आत्या, कधी कधी वारा उलटा असला, गार पडलं, तर गाडीचा जोर कमी पडतो. माथा ओलांडत नाही. वरपर्यंत जाते आणि तशीच उलटी खाली येते.”

“आदळते?”

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण गणिताच्या बाईंपुढे खोटं बोलायची सवय मला लहानपणीच मोडली होती. “नाही. रुळामध्ये चुंबकाचे ब्रेक असतात. गाडी सुटताना ते खाली बसतात आणि गाडी पुढे गेली की वर येतात. त्यामुळे परत आली तरी थांबते. मग पुन्हा सोडतात.”

“म्हणजे एकाच तिकिटात दोनदा?” आत्याचे डोळे चमकले. नंतर मला कळलं की या खेळाचे खरे भक्त असं मागे येणं नशिबाचं मानतात. अठरा जणांच्या त्या गाडीत बसण्याआधीच आत्याला न सांगता दीक्षा मिळाली होती.

बसलो. खांद्यांवरून जाड पट्टे खाली आले. कोणीतरी ते दाबून बघितले. मी म्हटलं, आणखी दाबा. गाडी हळूच पुढे सरकली आणि सरळ रुळावर येऊन थांबली. समोर दूरवर ती भिंत. भिंत म्हणजे रूळच, पण आकाशाकडे निघालेले. सूचना आली, हात खाली, डोकं मागे टेकवा, घट्ट धरा. एवढ्या कमी शब्दांत इतकं वाईट मी आजवर ऐकलं नव्हतं. गाडी किंचित मागे ओढली गेली, दोर अडकवायला. खालून खटकन आवाज झाला. ते ब्रेक खाली बसले होते. म्हणजे आता आम्हाला धरून ठेवणारं रुळात काही उरलं नव्हतं. मला एक फार घरगुती विचार आला, की गॅस बंद केला होता का.

“मन्या,” आत्या म्हणाली, “तुझा तो हप्त्यांचा विमा चालू आहे ना?”

आणि गोफण सुटली.

पुढच्या साडेतीन सेकंदांबद्दल मला एवढंच सांगता येईल की माझे गाल कानांच्या मागे गेले होते. डोळ्यांतून पाणी निघालं, पण ते खाली न येता आडवं केसांत गेलं. मी ‘आई गं’ म्हणायला सुरुवात केली. ‘आ’ जमिनीवर राहिला आणि ‘ई’ सापडली ती थेट माथ्यावर. माथ्यावर एक क्षण सगळं गप्प झालं. वजन नाही, आवाज नाही, ईएमआय नाही. मी डोळे मिटलेलेच होते. मग जगाने मला पिळायला घेतलं. खाली आल्यावर वाटलं, संपलं. तर समोर १२९ फुटांचं आणखी एक टेकाड, त्यावरून जाताना बूड सीट सोडून वर उठतं. तिथे माझ्या मनात विमा कंपनीचा टोल फ्री नंबर लख्ख आला. आजही पाठ आहे.

गाडी थांबली. अठ्ठावीस सेकंद झाले होते.

आत्याने आंबाडा चाचपला. “एक तास पन्नास मिनिटं म्हणजे ६,६०० सेकंद,” ती म्हणाली. “भागिले २८. एका सेकंदाला जवळजवळ दोनशे छत्तीस सेकंद रांग. पंढरपूरला बारा तास उभं राहून दोन सेकंद दर्शन मिळतं. त्या मानाने पुष्कळच स्वस्त.” मग थोडं थांबून, “वरून जिराफ दिसला.”

शेजारी त्यांचीच सफारी आहे, तेव्हा दिसलाही असेल. मी काय सांगणार?

पायऱ्या उतरताना माझे गुडघे दोन वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे चालत होते. खाली फोटोचा काउंटर होता, बसलेल्या प्रत्येक जोडीचा चालत्या गाडीतला फोटो. पडद्यावर आमचा आला आणि रांगेतली चार अनोळखी माणसं माझ्याकडे सहानुभूतीने वळली. डावीकडे आत्या. सत्यनारायणाची कथा ऐकताना असतो तसा चेहरा, ओठांवर किंचित हसू, चौथा अध्याय संपत आल्यासारखं. उजवीकडे मी. डोळे मिटलेले, मान कलंडलेली, जबडा लोंबलेला, रंग राखाडी. कपाळावर फक्त बुक्का लावायचा बाकी होता.

“हा घ्यायचा,” आत्या म्हणाली.

फोटो सांगलीला गेला. चांगली लाकडी चौकट झाली. हॉलमध्ये टीव्हीवर खिडकी, दुसऱ्या बाजूला कपाट, मोकळी भिंत एकच, म्हणून तो आजोबा आणि आजीच्या फोटोंशेजारी लागला. मी व्हिडिओ कॉलवर कुरकुर केली. “खिळा आयता होता,” आत्या म्हणाली. विषय संपला.

किंग्डा का मात्र गेला, आणि गुपचूप गेला. १० नोव्हेंबर २०२४ ला नेहमीसारखा चालला, आणि चार दिवसांनी उद्यानाने जाहीर केलं की आता तो पुन्हा सुरू होणार नाही. शेवटचं बसून घ्यावं म्हणून देशभरातून आले असते असे लोक हळहळले. मी हळहळलो नाही, पण बातमी आत्याला पाठवली. एकोणीस वर्षं सेवा केलेल्याला असं घालवतात हे तिला अजिबात पटलं नाही. “निरोप समारंभ नाही? शाल-श्रीफळ नाही? आमच्या शाळेत शिपायालासुद्धा केला होता.” ती खरोखर दुखावली होती. आता वाटतं, तिच्या मनात कल्पना तेव्हाच शिजायला लागली असणार.

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी तो पाडला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चित्रफीत पाहिली. धडाधड स्फोट झाले, क्षणभर तो तसाच उभा राहिला, आणि मग एवढं मोठं धूड दमलेल्या माणसासारखं आडवं झालं. खाली येतानाचा वेग मला ओळखीचा वाटला. चित्रफीत आमच्या ‘आठवले परिवार’वर टाकली. खाली अठ्ठावीस जणांनी हात जोडले. आत्याचं उत्तर रात्री आलं: ‘पाहिलं. आपल्यातला होता.’

गेल्या महिन्यात माझ्या आईला सांगलीहून दोन फोन आले. दोन्ही बायका आधी बराच वेळ काही बोलेनात, मग म्हणाल्या, ‘धीर धरा.’ आईला काही कळेना. तिने चुलतभावाला आत्याकडे बघून यायला सांगितलं. त्याने तिथून मला भिंतीचा फोटो पाठवला. आजोबा, चंदनाचा हार. आजी, चंदनाचा हार. आणि शेजारी आत्या आणि मी, आमच्या चौकटीलाही नवाकोरा चंदनाचा हार, समोर उदबत्ती.

मी तडक फोन लावला.

“अरे, गेलेल्याच्या फोटोला हार नको?” आत्या म्हणाली. “त्याचा दुसरा फोटो आहे कुठे माझ्याकडे?”

“आत्या, फोटोत तो दिसतच नाही! त्यात आपण दोघं आहोत, आणि तू तर तिथे चहा घेऊन समोर उभी असतेस!”

“मग?”

चुलतभाऊ सांगत होता, तो तिथे असतानाच वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई वाटी परत द्यायला आल्या होत्या. फोटोपुढे थबकल्या. उदबत्तीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, पदर सावरला.

“भाचा का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“हो.”

“किती तरुण हो. कधी...?”

“२८ फेब्रुवारीला,” आत्याने सुस्कारा सोडला.

“कशानं गेले?”

“सुरुंग लावून पाडला.”