'फुकट मिळतंय तरी सोडतात' या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या मुसलमानांच्या कॅम्पातल्या बायका गर्भनिरोधक गोळ्या-इंजेक्शन मधेच सोडतात यात युद्धाचा काही संबंध नाही, अडाणीपणा आणि धर्म एवढंच कारण, मी उगाच कळवळा दाखवतेय, आणि उपाय काय तर सगळ्यांच्या दंडात सरसकट इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली ठेवायची गर्भनिरोधक कांडी, बसवून टाका. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

धर्माचं आधी. मौलवी आणि सासूचा विरोध असतो, अगदी मान्य. पण हे कॅम्प आहेत कुठे? बांगलादेशात, कॉक्स बझारला. त्याच बांगलादेशात 1975 ला बाईमागे सरासरी 6.3 मुलं होती, 2022 च्या सर्व्हेत 2.3, आणि साधन वापरणारी जोडपी 8 टक्क्यांवरून 64 टक्क्यांवर गेली. धर्म तोच ना? फरक एवढाच की तिथे कित्येक वर्षं एक बाई दर थोड्या दिवसांनी गोळ्या घेऊन दारात यायची, आणि ती गावातलीच, ओळखीची असायची.

आता सीमेपलीकडे बघा. म्यानमारच्या उत्तर राखाइनमध्ये, मंगडो-बुथिडाँग भागात, रोहिंग्यांना लग्नालाही सरकारी परवानगी लागायची आणि 2005 पासून तर दोनपेक्षा जास्त मुलं होऊ देणार नाही असं लिहून द्यावं लागायचं. तिसरं झालं तर त्याचं नाव कुटुंबाच्या यादीत नाही, म्हणजे ते मूल कागदावर नाहीच. 2013 मध्ये तिथल्या प्रशासनाने हा नियम जाहीरपणे परत सांगितला. आता अशी बाई 2017 च्या ऑगस्टमधल्या लष्करी हल्ल्यांनंतर सात लाखांच्या लोंढ्यातून नदी ओलांडून येते, घर जाळलेलं, घरातली माणसं मारलेली, आणि इथे पुन्हा कोणीतरी रजिस्टर उघडून विचारतं, मुलं किती, पाळी कधी आली होती. ती काय समजेल सांगा? त्यात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅम्पात नसबंदी सुरू करायचा विचार असल्याचं बांगलादेशी अधिकारी बोलले. ऐच्छिक म्हणे. पण ऐच्छिक शब्दावर विश्वास ठेवायला आधी कधीतरी कोणी खरंच विचारलेलं असावं लागतं.

आणि एवढं सगळं असूनही बऱ्याच बायका इंजेक्शन घेतात. तीन महिन्यांचं असतं, घरात पाकीट सापडत नाही, नवऱ्याला कळत नाही. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 'अंतरा' मिळतं तेच हे.

मग सोडतात का, तर मुख्य कारण तुम्हाला फार साधं वाटेल. पाळीचं वेळापत्रक बिघडतं. कधी महिनाभर थोडं थोडं अंगावर जात राहतं, कधी पाळी येतच नाही आणि मग रक्त आत साठतंय ही भीती, जी आपल्या गावातही ऐकायला मिळते. बांबू आणि ताडपत्रीच्या एका खोलीत अख्खं कुटुंब, संडास सामायिक, कपडे धुवायला-वाळवायला आडोसा नाही, आणि अंगावर जातंय म्हणून नमाज चुकली की घरात सगळ्यांना लगेच कळतं. हे होणार आहे, यात सहसा धोका नसतो असं कोणी आधी नीट सांगितलं तर बाई टिकते. गर्दीच्या ओपीडीत नर्सला तेवढा वेळ कुठून मिळणार?

बरं, पुढची सुई घ्यायला जायचं तर पावसाळ्यात टेकड्या घसरतात, 2021 च्या मार्चमध्ये बालुखाली कॅम्पच्या आगीत हजारो झोपड्या जळाल्या, त्याच वर्षी रोहिंग्यांचे नेते मोहिबुल्ला यांना कॅम्पातच गोळ्या घालून मारलं, आणि 2025 मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्यावर आरोग्यसेवांना कात्री लागली. तारीख हुकते. रजिस्टरमध्ये मात्र 'सोडलं' एवढंच लिहिलं जातं. काहींनी तर नवरा मारला गेला म्हणून सोडलं, काहींनी गेलेल्या लेकरानंतर परत मूल हवं म्हणून. यात अडाणीपणा कुठला?

अजून एक. कुठलंही युद्ध नसलेल्या देशांतही असं साधन सुरू केलेल्या तीनातली किमान एक बाई वर्षाच्या आत सोडते. आपल्या महाराष्ट्रात हे फारसं दिसत नाही कारण इथे जवळपास निम्म्या लग्न झालेल्या बायकांचं ऑपरेशनच झालंय, ते सोडणार कसं? (नवऱ्यांची नसबंदी किती, ते शोधा, गंमत वाटेल.)

राहिलं तुमचं 'बसवून टाका'. इम्प्लांट चांगलं साधन आहे, तीन ते पाच वर्षं चालतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण तांबी काय, इम्प्लांट काय, काढायला शिकलेला माणूस लागतो. उद्या त्या बाईला बांगलादेशच्याच दूरच्या भाशान चर बेटावर हलवलं, किंवा परत राखाइनला पाठवलं, तर कोण काढणार? 'पाहिजे तेव्हा इथे येऊन काढून घे' हे जिला खात्रीने सांगता येतं तिला जरूर बसवा, तिने मागितलं तर. ज्या बाईला आधीच्या सरकारने किती मुलं ते लिहून द्यायला लावलं, तिच्या दंडात न विचारता काही बसवायचं म्हणजे त्याच सरकारचं काम आपण पुढे चालवायचं. तुम्हाला तसं म्हणायचं नसेल असं धरून चालते, माझं चुकत असेल तर खाली लिहा.