तीन महिन्यांत लाखाचा वेल्डर?

दहावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : ‘इंजिनिअर होऊन बेकार हिंडण्यापेक्षा पोराला वेल्डर करा. तीन महिन्यांचा कोर्स, लाखभर पगार. अमेरिकेत चार लाख वेल्डर कमी आहेत, गल्फवाले तर दारात उभे आहेत. लोखंडाला लोखंड चिकटवायला डोकं लागत नाही.’ यंदा मावसभावाने तो मला पाठवला. ‘तू याच लाइनीतला, खरं काय ते सांग.’ भोसरीत फॅब्रिकेशनमध्ये वीस वर्षं काढली, म्हणून सांगतो.

तीन महिन्यांत रॉडचा होल्डर धरता येतो, वितळून जोड भरणारा तो रॉड लोखंडाला चिकटेनासा होतो, ग्रील आणि गेट जमतं. आयटीआयचा वेल्डर ट्रेडच एक वर्षाचा आहे. त्यानंतरही मोठ्या प्लांटवर गेलं की परीक्षेला पाइप पुढ्यात ठेवतात. ‘सिक्स-जी’ म्हणजे ४५ अंशांत तिरका जखडलेला पाइप. तो फिरवायचा नाही, वेल्डरने स्वतः त्याच्याभोवती फिरायचं. वाकून, मान वर करून, कधी डाव्या हाताने. मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो किंवा तुकडा कापून वाकवून बघतात. बॉयलरच्या कामाला आयबीआरचं, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखालचं, सर्टिफिकेट वेगळं. आणि वेल्डिंगच्या अमेरिकी नियमावलीप्रमाणे, ज्या पद्धतीच्या वेल्डिंगमध्ये पास झाला ती सहा महिने हाताखालून गेली नाही, तर पास झालेला वेल्डर पुन्हा परीक्षेला.

लाखभर पगार? शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, ओव्हरटाइम धरून तेवढे घेणारे आर्गॉनवाले, म्हणजे आर्गॉन गॅस वापरून नाजूक जोड मारणारे, आहेत. शटडाऊन संपला की तेच घरी बसलेलेही असतात. ग्रीलवाल्याच्या पगारात आणि यांच्या पगारात जी दरी आहे, त्या दरीतली वर्षं मजकुरातून गाळलेली आहेत.

चार लाखांचा आकडा आला कुठून? अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या नावाने फिरणारा, २०२४ पर्यंतचा तो जुना अंदाज, आणि तोही त्यांच्या देशापुरता. तिथला व्हिसा आपल्या वेल्डरला सहज मिळत नाही. शिवाय तिथेही सोनं पिकत नाही : मे २०२३मध्ये निम्म्या वेल्डरांची वर्षाची कमाई ४८,९४० डॉलरच्या आत होती; सगळ्या नोकऱ्या मिळून हाच मधला आकडा ४८,०६०. म्हणजे चारचौघांइतकीच.

गल्फचं मात्र खरं आहे, मागणी असते. पण आधी ट्रेड टेस्ट द्यावी लागते, आणि तिथे कोर्सचा कागद कोणी बघत नाही, जोड बघतात. वेल्डर ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो; पण दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘मंजुरी हवी’ असा शेरा, येतो आणि गल्फला जायला जादा मंजुरी लागते. तेव्हा दहावी सोडू नका. परवानाधारक एजंटाला नियमाने तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागितले की उठून यायचं.

आता ‘डोकं लागत नाही’. हे वाचून माझंच डोकं फिरलं. ७०१८ नंबरचा रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये का तापवतात? दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो. जोड दिसायला सुरेख, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. फ्रेमला टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, कुठून मारायला घ्यायचे हे चुकलं, तर उष्णतेने सगळी फ्रेम पिळवटते आणि मग दिवसभर घण मारत बसा. ड्रॉइंगवरची वेल्डिंगची चिन्हं वाचता न आल्यामुळे आयुष्यभर हेल्पर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

धुराबद्दल मजकुरात अक्षर नाही. वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१७मध्ये काढला. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर काम केलं की रात्री हुडहुडी भरते, ती जस्ताच्या धुराने. मी सुरुवात केली त्या ठेकेदाराकडे मास्क म्हणजे स्वतःचा रुमाल.

मग टंचाई खोटी का? नाही. एक्स-रेत पास होणाऱ्या हाताची टंचाई आहे. तो हात तयार करायला पाइप, आर्गॉन आणि वेळ जाळावा लागतो; ते कुणालाच परवडत नाही, म्हणून नव्या पोराच्या हाती वर्षानुवर्षं ग्राइंडर राहतो. मावसभावाला म्हटलं, पोराला आयटीआय करू दे, मग अप्रेंटिस म्हणून अशा ठिकाणी घाल जिथे प्रेशर व्हेसल (दाब सोसणाऱ्या टाक्या) किंवा पाइपिंगचं काम चालतं, आणि घालण्याआधी विचार : सरावाला पाइप देता का?

त्याने विचारलं, ‘पोरगं सिक्स-जी कधी होईल?’ म्हटलं, अजून मे संपलेला नाही. उद्या दुपारी त्याला शेडमध्ये घेऊन ये, पत्र्याखाली चार तास नुसतं बसव.