पाच मिलिमीटर

भाच्याने तोक्योहून नव्या गाडीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचे अंगठे सुरू व्हायच्या आत आमच्या आईचा व्हॉइस मेसेज: "अरे, टॅक्सी कशाला घेतलीस?"

पिवळी पाटी, काळे आकडे. आईचं काय चुकलं?

तिकडे पिवळी पाटी म्हणजे 'केई' गाडी. लांबी ३४०० मिमीच्या आत, रुंदी १४८० च्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, माणसं चार. एवढ्यात बसवा, कर कमी भरा. भाच्याने घेतली वॅगनआर, लांबी ३३९५. रविवारी हौसेने माझ्या सेडानचं माहितीपत्रक काढलं. ३९९५. म्हणजे दोन्ही देशांत इंजिनिअर मर्यादेच्या बरोब्बर पाच मिलिमीटर अलीकडे येऊन थांबलेत!

आपली चार मीटरची रेघ २००६ च्या बजेटमधली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत, तर अबकारी कर २४ वरून १६ टक्के. मग काय, कात्र्या निघाल्या. पहिली डिझायर (२००८) ४१६० मिमी होती, २०१२ ची ३९९५. डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर. मागून बघितली की शर्ट आतून खोचून बटण लावायला विसरल्यासारखी दिसायची. जपानी नियम निदान लांबी, रुंदी, उंची सगळंच बांधतो, त्यामुळे गाडी मुळातच तशी आखली जाते. आपण लांबीवर बोट ठेवलं, आणि गाडीचं शेपूट गेलं.

भारतासाठी गाड्यांत केलेले बाकीचे बदल मला पटतात. आपल्याकडची वॅगनआर १६२० मिमी रुंद आहे, भाच्याच्या गाडीपेक्षा साडेचौदा सेंटीमीटरने जास्त. कारण 'गाडीत चारच माणसं' हा नियम आपल्या कुठल्या घरात चालेल? आत्या, मामी आणि मधे कुणाचं तरी पोर, एवढं मागे बसायलाच हवं. ग्राउंड क्लिअरन्सबद्दल तर बोलायलाच नको, आमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर बघा.

पण एअरबॅग काढून टाकणं याला कंपन्या 'भारतीय ग्राहकाची गरज' म्हणायच्या, तिथे माझं डोकं फिरायचं. चाकणला बनायची ती फोक्सवॅगनची पोलो घ्या. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने बिनएअरबॅगची पोलो आदळून बघितली, मोठ्यांच्या सुरक्षेला शून्य स्टार. दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. गाडी तीच, कारखाना तोच! आपल्या छातीची हाडं काय वेगळी असतात? शेवटी सरकारने सक्ती केली तेव्हा कुठे ड्रायव्हरशेजारच्या माणसालाही एअरबॅग मिळाली. आपणही शोरूममध्ये आधी 'किती देते?' विचारतो आणि मग अलॉय व्हील बघतो, हे कबूल करतो. मीही तेच केलं होतं.

वर मी सीएनजी घेतली. म्हणजे आधीच कापलेली डिकी आणि त्यात आडवा सिलिंडर. गणपतीला गावी जाताना नारळाची पिशवी आत्याच्या मांडीवर आणि मोदकपात्र माझ्या बायकोच्या पायाशी.

डिसेंबरात भाचा येतोय, दोन मोठ्या बॅगा घेऊन. त्याला विमानतळावरून आणायला आता पिवळ्या पाटीचीच गाडी बघतोय.