बालसाहित्याचं प्रशिक्षण, आणि खोलीत एकही पुस्तक नाही

आज दिवसभर तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला होते. विषय होता प्राथमिक शिक्षकांसाठी इंग्रजी भाषा आणि बालसाहित्य. पत्रावरचा विषय वाचून प्रशिक्षणाला जायची घाई व्हावी, असं फार कमी वेळा होतं. यावेळी झालं. पहाटे डबा करून निघाले, एसटी बदलून वेळेच्या आधी पोचले, पुढच्या रांगेत बसले. संध्याकाळी परत येताना बसमध्ये डोक्यात जे चाललं होतं ते आता लिहितेय. मोठं होणार आहे आणि चिडून लिहितेय, हे आधीच सांगते.

सकाळी हजेरीचा क्यूआर कोड, पूर्वचाचणी, मग पीपीटी. इंग्रजीतले ४४ ध्वनी, त्यांचे तक्ते, ओठांच्या आकृत्या. जेवणानंतरच्या तासिकेला बालसाहित्य. स्लाइडवर बालसाहित्याची व्याख्या आली, मग प्रकार, मग महत्त्व. ‘लिहून घ्या.’ हॉलभर शिक्षक माना खाली घालून लिहून घेत होते. मी हात वर केला आणि विचारलं, सर, एखादं पुस्तक आणलंय का, वाचून दाखवायला? ते म्हणाले, ‘मॅडम, ते घटकसंचात नाहीये. पीडीएफ ग्रुपवर टाकतो.’

दिवसभरात त्या हॉलमध्ये मुलांसाठीचं एकही पुस्तक नव्हतं. इंग्रजीतलं नव्हतं, मराठीतलंही नव्हतं. बालसाहित्यावरच्या प्रशिक्षणात!

त्या सुलभकांवर, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांवर, माझा राग नाही. तेही आपल्यातलेच, शेजारच्या केंद्रातले, म्हणजे शेजारच्या शाळागटातले शिक्षक. राज्यावर काही लोकांना शिकवतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे आम्हाला. कालव्याच्या शेवटच्या चारीला जेवढं पाणी येतं, तेवढंच या रचनेत आमच्यापर्यंत येतं. वरच्या पातळीवर कुणीतरी एखादी गोष्ट नीट वाचून दाखवली असेलही. आमच्यापर्यंत येईस्तोवर तिची स्लाइड झालेली असते.

आता मला त्या पोराबद्दल सांगायचंय. माझ्या यादीतल्या काही जणांनी हे माझ्या तोंडून ऐकलंय, तरी परत ऐका.

आमच्या भागातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात, कोयते निघतात आणि वर्ग अर्धा होतो. हंगामी वसतिगृह असतं, आजीआजोबा असतात, तरी काही पोरं जातातच, कारण धाकट्या भावंडांना फडावर सांभाळायला कुणीतरी लागतं. हा पोरगा तेव्हा दुसरीत होता. तीन वर्षांच्या बहिणीसाठी गेला.

ते निघायच्या आधी मी वर्गात भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट इंग्रजीत सांगत होते. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. गोष्ट सगळ्यांना मराठीत पाठ होती, म्हणूनच घेतली होती. इंग्रजी चित्रपुस्तक आमच्याकडे नव्हतं. मग जुन्या कॅलेंडरची पानं घेतली, मागच्या कोऱ्या बाजूला चित्रं काढली, प्रत्येक चित्राखाली एक वाक्य लिहिलं आणि दाभणानं शिवलं. रोज तेच वाचायचं. वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, लांडगा भेटतो आणि म्हातारी प्रत्येकाला तेच सांगते. आय विल गो टू माय डॉटर. आय विल ईट. आय विल गेट फॅट. देन यू ईट मी. तिसऱ्या दिवशी मला ‘आय विल’ एवढंच म्हणावं लागायचं, पुढचं वर्ग म्हणायचा. जायच्या दिवशी हा पोरगा म्हणाला, बाई, पुस्तक नेऊ का? मी दिलं.

मार्चअखेर तो परत आला. वारांची स्पेलिंगं गेली होती. एबीसीडी मध्येच अडकत होती. शंभरपर्यंतचे इंग्रजी अंक गेले होते. पण गोष्ट? गोष्ट अख्खी शाबूत होती. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, रोज रात्री बहिणीला सांगायचा म्हणे. आणि त्यानं गोष्टीत एक नवा प्राणी घातला होता. उसात बिबटे असतात, तिकडे फडावर सगळे त्याला भितात, म्हणून त्याच्या म्हातारीला वाघानंतर बिबट्या भेटत होता. सांगता सांगता तो थांबला आणि मला म्हणाला, ‘बाई, बिबट्याला इंग्लिशमधी काय म्हणतेत?’

मी नोकरीत इतकी वर्षं काढली. इंग्रजी शब्द स्वतःला हवा आहे म्हणून मागणारं मूल किती वेळा भेटतं? आम्ही शब्द देतो, ते घेतात, परीक्षेत परत करतात. या पोराला त्याच्या गोष्टीसाठी शब्द लागला होता.

एवढंच मला आज त्या हॉलमध्ये सांगायचं होतं. वेळ मिळाला नाही, कारण उत्तरचाचणीची लिंक चार वाजता बंद होणार होती.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी आम्हा मराठी शाळेतल्या पोरांना पाचवीत इंग्रजी भेटायचं. आज शाळांतून शिकवणाऱ्या कितीतरी जणी त्या पाचवीपासूनच्या पिढीतल्या. आमच्यापैकी कुणालाही लहानपणी कुणी इंग्रजीतली गोष्ट मांडीवर घेऊन वाचून दाखवलेली नाही. पुढे डी.एड. केलं तेही मराठीत. आशययुक्त अध्यापन, सराव पाठ, टाचणं, रंगीत फलक, सगळं केलं. इंग्रजीच्या पाठाला तक्ता हवा, शब्दपट्ट्या हव्यात, उद्दिष्टं रकान्यात हवीत. दोन वर्षांत एकाही प्राध्यापकानं लहान मुलांचं इंग्रजी पुस्तक हातात दिलं नाही. आता डी.एल.एड. नाव झालंय. नव्यानं लागलेल्या मुलींना विचारते, तर त्याही हेच सांगतात.

जिनं स्वतः कधी एखाद्या चित्रपुस्तकाचं पान उलटताना ‘आता काय होणार’ असं अनुभवलेलं नाही, ती ते मुलांना कुठून देणार? सक्तीनं? परिपत्रकानं?

बरं, ध्वनींचं शिक्षण हवं. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी मुलाला कळल्याशिवाय ते स्वतः वाचू शकत नाही, हे मान्य. पण ते दिवसभर आणि गोष्ट शून्य मिनिटं, हे कुठलं गणित?

व्याकरणाचंही तसंच. आज एका स्लाइडवर साधा भविष्यकाळ होता, विल आणि शॅल, कर्त्याप्रमाणे. माझा तो दुसरीतला पोरगा ‘विल’ एकदाही चुकला नव्हता. काळाचं नाव त्याला माहीत नव्हतं. म्हातारीचा जीव त्या वाक्यावर अवलंबून होता, म्हणून ते वाक्य त्याला बरोबर म्हणायचं होतं.

आता कपाटाबद्दल. हे लिहिताना माझा आवाज चढतो, घरातले सांगतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असतील. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी अनुदान येतं, प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत. म्हणजे पुस्तकं थोडीबहुत येतात. कुठली येतात, कोण निवडतं, हा वेगळा लेख होईल. थोरांची चरित्रं येतात, बोधकथा येतात, इंग्रजीत आलीच तर पानभर बारीक टाइपाची येतात, जी माझ्या सातवीच्या मुलांनाही जड जातील. त्यातूनही दोनचार चांगली निघतात. ती कपाटात जातात. कपाटाला कुलूप. का? पोरं फाडतील. फाटलं की साठा नोंदवहीत कमी दिसणार, तपासणीत प्रश्न येणार, भरपाई कोण भरणार?

मी एका मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलंय, ‘आमच्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक फाटलेलं नाही.’ अभिमानानं सांगत होते. मला रडू यायचं बाकी होतं.

ते कॅलेंडरचं पुस्तक परत आलं तेव्हा चुलीच्या धुरानं पिवळं झालं होतं, दोन पानं सुटली होती, एका पानावर कालवणाचा डाग होता. ते नोंदवहीत नव्हतं म्हणूनच मला देता आलं. नोंदवहीत असतं तर ते शाळेत राहिलं असतं, गोष्टही शाळेतच राहिली असती आणि पोरगं रिकाम्या हातानं फडावर गेलं असतं.

कुणीतरी खाली लिहिणारच आहे की आधी मराठी तर नीट वाचू द्या. अहो, मी मराठी शाळेची बाई आहे, मला ते सांगू नका. मराठी पक्की व्हायलाच हवी आणि ती होते तीही गोष्टींनीच. भोपळ्याची गोष्ट मुलांना मराठीत पाठ नसती तर इंग्रजीत ती एका दिवसात कळली नसती. मराठी गोष्टीच्या पायावर इंग्रजी उभं राहतं, हे मी वर्गात बघितलंय.

आणि भाषेचा विषय निघालाच आहे तर हेही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, अख्खा महाराष्ट्र पेटला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. मागे घेतला ते योग्यच झालं. पण त्या सगळ्या महिन्यांत टीव्हीवर सहा वर्षांच्या मुलाला किती भाषा शिकवायच्या यावर जेवढे लोक बोलले, त्यातल्या कितींनी विचारलं की शिकवणाऱ्या बाईच्या हातात काय दिलंय? तिला कुणी कसं शिकवलंय? दोन भाषा आत्ता आहेत, त्यांच्यासाठी तरी वाचून दाखवायला पुस्तकं आहेत का? एकानंही नाही.

सगळंच वाईट नाही, हे लिहिलं पाहिजे. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टचा इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा तेजस प्रकल्प काही जिल्ह्यांत होता, त्यातल्या ‘टॅग’ नावाच्या शिक्षकगटांबद्दल मैत्रीण अजून प्रेमानं बोलते, कारण तिथं शिक्षक एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागले, कुणी हसत नव्हतं. टाटा ट्रस्टच्याच पराग उपक्रमात ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम आहे. प्रथम बुक्सनं २०१५ पासून स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी, इंग्रजी, कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट ठेवली आहेत, पातळीनुसार लावून. तीच गोष्ट दोन्ही भाषांत मिळते. आज हॉलमध्ये प्रोजेक्टर होता! त्यावर ती ओठांची आकृती होती. त्याच पडद्यावर एक चित्रपुस्तक उघडून सगळ्यांना वाचून दाखवायला दहा मिनिटं लागली असती.

मला काय हवंय ते सांगते. आठवडाभराचं प्रशिक्षण द्या, पण त्यात शिक्षकांना पुस्तकं वाचू द्या. खरोखरची पुस्तकं, सतरंजीवर पसरलेली. सकाळी कुणीतरी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं, नंतर आम्ही एकमेकांना वाचून दाखवावं. कुठल्या शब्दावर थांबायचं, पान उलटायच्या आधी काय विचारायचं, चित्राकडे बोट कधी न्यायचं, हे हातांनी आणि आवाजानं शिकायची गोष्ट आहे. ती लिहून घेता येत नाही. दुसरीच्या मुलासाठी पुस्तक कसं निवडायचं, हे शिकवा. वाक्य परत परत येतंय का, चित्र बघून अर्थ लागतोय का, शेतातलं, वस्तीवरचं, फडावरचं मूल त्यात स्वतःला बघू शकेल का. बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांच्या गोष्टीही असू देत, पण सगळ्याच तशा नकोत.

आणि आमच्या उच्चारांना हसू नका. माझ्या शेजारी आज एक गुरुजी बसले होते, निवृत्तीला आलेले. दिवसभर एक अक्षर बोलले नाहीत. चहाच्या वेळी मी त्यांना माझ्या मोबाइलवर स्टोरीवीव्हरवरचं एक पुस्तक दाखवलं. छोटंसं, पानाला एक ओळ. त्यांनी चष्मा लावला, हळूहळू, बोट ठेवून, ओठ हलवत पूर्ण वाचलं आणि शेवटच्या पानावर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, ‘हे आमच्या पोरांना जमेल की ओ. आणखी आहेत का असली?’ चहा निवला, आम्ही दोघं वाचत बसलो. आजचं माझं प्रशिक्षण तेवढंच झालं आणि चांगलं झालं. सकाळपासूनचा राग लिहिता लिहिता थोडा उतरलाय, तो गुरुजींमुळे.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, न्यायालयाचं प्रकरण डोक्यावर आहे, बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, ऑनलाइन माहिती तर रोज भरायची आहे. शिक्षकाला वेळ कुठाय, असं म्हणाल तर खरंच नाहीये. पण गोष्ट वाचायला रोज वीस मिनिटं लागतात आणि ती काढता येतात. तेवढ्यासाठी मला कुणाची मंजुरी नको.

पुढच्या महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, आमच्या शाळेत आहे. केंद्रप्रमुखांकडे वेळ मागितलाय, ते अर्धा तास देतो म्हणालेत. भोपळ्याची गोष्ट वाचणार आहे आणि मग समोरच्या शिक्षकांपैकी ज्यांना हवं त्यांच्या हातात पुस्तक देणार आहे. त्यासाठी पुस्तकं लागतील. तुमच्यापैकी ज्यांची मुलं मोठी झाली आणि ज्यांच्या माळ्यावर लहानपणची इंग्रजी किंवा दोन भाषांतली चित्रपुस्तकं पडून आहेत, त्यांनी द्या. गाइड, शब्दकोश, ज्ञानकोश नकोत. पानाला दोन-तीन ओळी असलेली हवीत. मुखपृष्ठ फाटलेलं चालेल, आतली पानं सगळी असावीत. पत्ता इनबॉक्समध्ये देते. एसटी पार्सलनं पाठवलीत तर तालुक्यापर्यंत येतात, तिथून मी आणते.